खात्रीचं ते आधी

वर्गशिक्षिकेने शाळेत बोलावलंय म्हटल्यावर आई तीन शक्यतांची तयारी करून घराबाहेर पडली. एक, लेक नापास झाली आहे. दोन, लेकीने कुणाला तरी दगड मारला आहे. तीन, शाळेच्या भिंतीतला एखादा दगड आवडला म्हणून तिने तो काढून घेतला आहे. यातली तिसरी शक्यता आईला सगळ्यात जवळची वाटत होती. सतरा वर्षांच्या या मुलीला दगडांचं वेड होतं. खिडकीच्या कठड्यावर दगड, पुस्तकांच्या फळीवर दगड, उशीखाली दगड. एकदा बाबा बुटात पाय घालून किंचाळले, तेव्हा लेक धावत आली आणि म्हणाली, "फुटला नाही ना?" बाबांना वाटलं, पायाबद्दल विचारतेय.

पण तसं काही झालं नव्हतं. वर्गशिक्षिकेने फक्त एक कागद पुढे सरकवला. प्रवेशाचा कच्चा अर्ज. त्यावर कॉलेजांच्या नावांसाठी दहा चौकोन होते. पहिल्या चौकोनात लेकीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : टेकडीवरचं कॉलेज, भूशास्त्र. आणि उरलेल्या नऊ चौकोनांमधून, दुसऱ्यापासून थेट दहाव्यापर्यंत, पट्टी लावून मारलेली एक सरळ उभी रेघ.

"मुलगी हुशार आहे," वर्गशिक्षिका म्हणाल्या, "पण तिथे भूशास्त्राला अठरा जागा आहेत आणि अर्ज येतात नऊशे. जोडीला दोन-तीन खात्रीची कॉलेजं हवीतच. आणि नुसती खात्रीची नकोत हो, तिला मानवतील अशी बघा. नाहीतर मुलं जातात आणि सहा महिन्यांत तोंड पाडून परत येतात."

आईने मान डोलावली. वर्गशिक्षिकेला वाटलं, आपण एक सूचना केली. आपण कुणाच्या हाती काय दिलंय, याची त्या बिचारीला कल्पना नव्हती.

आईची थोडी ओळख इथे करून द्यायला हवी. आई एका औषधाच्या कंपनीत कामाला होती. औषधाच्या खोक्यात आठ घड्या घातलेला जो पातळ कागद निघतो, आणि जो आपण न वाचता फेकून देतो, तो कागद आई लिहीत असे. हे औषध घेतल्यावर काय काय होऊ शकतं, याची यादी. नेहमी आढळणारे परिणाम सगळ्यात वर, मग कधीकधी आढळणारे, मग क्वचित, आणि अगदी तळाशी अत्यंत क्वचित आढळणारे. चौदा वर्षं हेच काम केल्यामुळे आईला जगातली प्रत्येक गोष्ट दुष्परिणामांसकट दिसायची. पाळणा दिसला की तिला कडी दिसायची. जिना दिसला की चौथी पायरी.

त्यामुळे घरात प्रत्येक गोष्टीला एक राखीव गोष्ट होती. छत्रीला राखीव छत्री. विजेरीला राखीव विजेरी, आणि ती अंधारात सापडावी म्हणून तिच्याजवळ काडेपेटी. घराची एक किल्ली वरच्या काकांकडे, आणि काकांची किल्ली आपल्या घरात. एकदा दोन्ही घरांची दारं एकाच वेळी ओढली गेली आणि दोघांच्या राखीव किल्ल्या एकमेकांच्या बंद घरांत सुखरूप राहिल्या. तीन तास दोन्ही कुटुंबं जिन्यात बसून होती. यातून दुसरा कुणी वेगळा धडा घेतला असता. आईने तिसरी किल्ली करून घेतली.

अशा बाईला कुणी "दोन-तीन खात्रीची कॉलेजं बघा" म्हणालं, तर पुढे काय होणार?

संध्याकाळी तिने लेकीपुढे विषय काढला.

"मला टेकडीवरचंच हवंय," लेक म्हणाली. ती एका करड्या दगडावर जुना दातांचा ब्रश घासत होती.

"टेकडी आहेच गं. पण समजा—"

"तू समजा म्हणालीस की मला पोटात दुखतं, आई."

"समजा नाही मिळालं तर?"

लेकीने ब्रश खाली ठेवला. "मग कुठेही घाल. खरंच. मला ती बाकीची नावं बघायचीच नाहीत. बघितली की वाटतं, मला नाही मिळणार हे तू आधीच ठरवून ठेवलंयस. तूच भर सगळा अर्ज. मी सही करते."

आणि तिने सही केली. आईला आधी विजय झाल्यासारखं वाटलं. मग स्वयंपाकघरात गेल्यावर तिला ते खटकलं. आजवर या मुलीने साधा रुमालसुद्धा आईला निवडू दिला नव्हता.

आणि एक गोष्ट आईला ठाऊक होती, जी आईला ठाऊक नाही असं लेकीला वाटत होतं. लेकीचा डबा रोज घरी यायचा तेव्हा झाकणात दगड असायचे. धुतलेले, आकारानुसार मांडलेले, पाच किंवा सात. गप्पा मारत जेवणारी माणसं झाकणात दगड मांडत नाहीत. दोन वर्षं आई ते झाकण बघत होती, दगड काढून ओळीने ओट्यावर ठेवत होती आणि काही बोलत नव्हती. वर्गशिक्षिका "मानवतील अशी" म्हणाल्या, तेव्हा आईच्या डोळ्यांपुढे आधी आलं ते हे झाकण.

तेव्हा तिने ठरवलं की हे काम नीट करायचं. शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं : कॉलेजं. त्याखाली दोन रेघा मारल्या. दोन रेघा मारलेलं काम आई सोडत नसे.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायचे आणि मुळात शांत होते. ते म्हणाले, "होईल गं नीट." या वाक्यावर आई गेली अठरा वर्षं चिडत आली होती. मात्र या खेपेस ते पुढेही बोलले. "कागदावरून काही कळत नाही. लोक दुकानात फ्रेम बघतात, वा म्हणतात, आणि नाकावर ठेवली की घसरते. घालूनच बघायला लागते."

"म्हणजे मी जाऊन बघू?"

"मी फ्रेमबद्दल बोलत होतो," बाबा घाईघाईने म्हणाले. पण उशीर झाला होता.

बातमी जिन्यातून वर गेली. वरचे काका वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तपासण्यासारखं दुसरं काही न उरल्याने ते आता इमारत तपासत. ते खाली आले, खुर्चीवर बसण्याआधी तिला हलवून बघितलं आणि म्हणाले, "अगं, बाकी काही बघू नकोस. कॉलेजचं घड्याळ बघ. भिंतीवरचं घड्याळ बरोबर असेल तर आत सगळं बरोबर. मी तीस वर्षं दुकानं तपासली. घड्याळ पुढे असलं, की तराजूचा काटा मागे असायचाच."

आईने वहीत रकाना आखला : घड्याळ.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर तर सल्ला देण्यासाठी फारच सोयीच्या जागी असतात. आईची दाढ नेमकी त्याच आठवड्यात ठणकली. तिच्या तोंडात दोन आरसे आणि एक नळी घातल्यावर डॉक्टर म्हणाले, "ऐकलं मी, कॉलेजं बघताय. एक सांगतो. मुलीला लांब पाठवू नका. माझा मुलगा लांबच्या कॉलेजात गेला. आता दात दाखवायला दुसऱ्याकडे जातो. स्वतःचा बाप असताना! पटतंय ना?"

"आँ," आई म्हणाली.

"तेच म्हणतो मी. आणि मोठं कॉलेज नको. मोठ्या कॉलेजात मूल हरवतं. बरोबर?"

"आँ आँ," आई म्हणाली. याचा अर्थ 'नळी टोचतेय' असा होता.

डॉक्टरांना एवढा सहमत श्रोता बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा लहान आणि जवळच्या कॉलेजांची माहितीपत्रकं वर पाठवून दिली. आईने वहीत रकाना आखला : अंतर. मग स्वतःच्या मनानेच आणखी आखले : जिने, कठडे, शौचालयं, पंखे, फाटकावरचा पहारेकरी (जागा की झोपलेला). आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना, जो तिने बाबांनाही दाखवला नाही. त्याच्यावर लिहिलं होतं : एकटे जेवणारे किती, आणि त्याखाली बारीक अक्षरात, कुणी येऊन बसलं का.

अर्ज भरायची मुदत बुधवारी संपत होती. हातात दहा दिवस होते. आईने कंपनीत अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्या आणि कारण लिहिलं 'घरगुती'. साहेबांनी काळजीने विचारलं, "सगळं ठीक ना?" आई म्हणाली, "अजून नऊ राहिलीत." साहेबांनी पुढे विचारलं नाही.

कुठल्याही कॉलेजात मधल्या सुट्टीच्या वेळी पोचायचं, दीड तास उपाहारगृहात बसायचं आणि वही काढून लिहायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण चाळिशीकडे झुकलेली एक बाई एकटी बसून मुलांच्या तोंडाकडे बघतेय आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी टिपून घेतेय, हे दृश्य फार काळ निर्मळ राहत नाही. पुलाजवळच्या कॉलेजात दोन मुलींनी तिला जागा बदलायला लावली. कालव्याकाठच्या कॉलेजात पहारेकऱ्याने वहीच मागितली. 'कठडे : ढिले' हे वाचून तो म्हणाला, "बाई, हे तुम्ही हलवून बघितलेत? मग आता ढिले होणारच." तिसऱ्या कॉलेजात एका मुलाने येऊन नम्रपणे विचारलं, "काकू, तुमचा मुलगा इथे कुणाबरोबर फिरतो ते बघायला आलात का? नाव सांगा, मी सांगतो." आईला हा मुलगा भयंकर वाटला. मात्र आसपासच्या सात टेबलांवरची सात मुलं एका क्षणात उठून गेली, हेही तिने टिपून ठेवलं.

सातव्या दिवशी ती गोदामांमागच्या कॉलेजात पोचली. हे नाव ना डॉक्टरांच्या पत्रकांत होतं, ना काकांच्या तोंडी. बस चुकल्यामुळे ती तिथे उतरली होती. इमारत पिवळी, बुटकी. जिन्याचा कठडा एका बाजूला मुळी नव्हताच. घड्याळ बंद. पहारेकरी झोपलेला नव्हता, कारण तो जागेवरच नव्हता. आईने उभ्या उभ्या सगळ्या रकान्यांत फुल्या मारल्या आणि केवळ पद्धत म्हणून उपाहारगृहात जाऊन चहा घेतला.

"इथे कुणी बसलंय?"

आईने वर बघितलं. निळा अंगरखा घातलेला एक पोक्त माणूस हातात थाळी घेऊन उभा होता. त्याच्या बाह्यांवर पांढरी धूळ होती.

"नाही. का?"

"एकट्याच दिसलात, म्हणून आलो." तो बसला. "मी प्रयोगशाळेत असतो. दगड कापतो."

आईने कप खाली ठेवला. "दगड?"

"भूशास्त्र आहे ना आमच्याकडे. लहानसंच आहे. वर्षाला वीस-बावीस मुलं. यंत्र माझ्याहून जुनं आहे, पण कापतं सुरेख. काचेइतकी पातळ चकती निघते. भिंगाखाली धरली की आत रंग दिसतात. मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा कुणी काही बोलत नाही." तो घास घेऊन थांबला. "तुम्ही कुणाला भेटायला आलात?"

"असंच," आई म्हणाली. एरवी कुणी असं विचारलं की ती पाच मिनिटं खुलासा करायची. त्या दिवशी तिला एवढंच सुचलं.

यानंतर खरं तर यादी दोन नावांवर संपायला हवी होती. पण अर्जात चौकोन दहा होते, आणि रिकामा चौकोन आईला बघवत नसे. गोदामांमागच्या कॉलेजाला कठडा नाही, म्हणून त्याला राखीव हवं. त्या राखीवला भूशास्त्र नाही, भूगोल आहे, म्हणून त्याला आणखी एक. असं करत नऊ झाली आणि टेकडी धरून दहा. बुधवारी दुपारी, मुदत संपायला चार तास असताना, आई संगणकापुढे बसली. प्रत्येक कॉलेजात प्रवेशाची खात्री किती, हे तिने काढून ठेवलंच होतं. ते क्रमाने लावायला तिला एक मिनिटही लागलं नाही. चौदा वर्षांचा हात होता. नेहमी मिळणारं सगळ्यात वर. मग बहुधा मिळणारं. मग क्वचित. आणि अगदी तळाशी, दहाव्या चौकोनात, टेकडीवरचं कॉलेज, भूशास्त्र. अत्यंत क्वचित.

तिने सगळं तीनदा तपासलं. शुद्धलेखन निर्दोष होतं. कळ दाबली. अर्ज गेला. त्या रात्री ती शांत झोपली.

गुरुवारी सकाळी तिने छापील प्रत वरच्या काकांना दाखवायला नेली. दाखवायचं काही कारण नव्हतं. पण एवढं काम केल्यावर कुणीतरी वा म्हणावं असं माणसाला वाटतं, आणि बाबा सगळ्यालाच वा म्हणत असल्याने त्यांची वा धरता येत नव्हती.

काकांनी चष्मा पुसला, कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "टेकडी तळाशी का?"

"मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी ना, काका. खात्रीचं ते आधी."

काकांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. तीस वर्षं दुकानदारांना वाईट बातमी सांगायची सवय असलेला तो माणूस, पण त्यालाही शब्द शोधावे लागले. "अगं, ती यादी वरून वाचतात. पहिल्या नावाला जागा असली की मुलाला तिथे देतात आणि यादी मिटतात. पुढचं कुणी बघत नाही. याला पसंतिक्रम म्हणतात. तू लिहिलायस तो खात्रीक्रम."

"पहिलं कोणतंय?" हे आईनेच विचारलं. यादी तिचीच होती.

"पुलाजवळचं. कार्यालय व्यवस्थापन."

पुलाजवळचं कॉलेज तिने पहिलं घातलं होतं कारण तिथे कुणालाही घेत. दगड सोडाच, त्यांच्या अंगणात साधी वाळूसुद्धा नव्हती. तिच्या मुलीने डोळे मिटून सही केली होती, आणि त्या सहीवर तिने मुलीला चार वर्षांसाठी फायलींच्या कपाटात बंद केलं होतं.

"दुरुस्ती करता येते," काका कागदाच्या पाठीवरचा मजकूर वाचत म्हणाले. "उद्या शुक्रवार, पाचपर्यंत. प्रवेश केंद्रात, समक्ष."

लेकीला काही कळू द्यायचं नाही, असं आईने ठरवलं. आपण जायचं, दुरुस्त करायचं, परत यायचं. शुक्रवारी दहा वाजता ती प्रवेश केंद्राच्या दारात होती. साडेबाराला चौथ्या खिडकीशी पोचली. खिडकीमागच्या बाईंचा चष्मा साखळीने गळ्यात अडकवला होता आणि तो त्या वाचण्यापेक्षा माणसाकडे रोखून बघण्यासाठी वापरत.

दुरुस्तीच्या अर्जावर कारणांसाठी चार पर्याय होते : नाव, जन्मतारीख, पत्ता, इतर. 'इतर'पुढे अंगठ्याएवढी जागा. आईने पान उलटून पाठीमागे लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं, कारण त्यांना तशीच सवय होती : "अर्जदाराच्या आईने व्यवसायजन्य सवयीमुळे नावांचा क्रम संभाव्यतेनुसार, म्हणजे उतरत्या खात्रीने, लावल्याने..." त्या थांबल्या. "बाई, हे कारण आहे की आजार?"

मागची रांग हसली. आईने पदवी घेतली होती, तीसुद्धा पहिल्या वर्गात, आणि ती हे सांगण्यासाठी तोंड उघडणार, इतक्यात बाई म्हणाल्या, "अर्जदार कुठेय?"

"शाळेत. मी तिची आई."

"तुम्ही आई आहात हे कळलं. सगळ्यांना कळलं. पण दुरुस्ती अर्जदाराच्या हस्ताक्षरात लागते, आणि शाळेचा शिक्का. पाचला खिडकी बंद."

शाळेपर्यंत दोन बसगाड्या होत्या. पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. मागच्या अंगणातल्या पायऱ्यांवर लेक एकटी बसली होती. मांडीवर डबा, शेजारी उलटं झाकण, झाकणात सात दगड. आई दोन वर्षं हे चित्र मनात बघत होती. प्रत्यक्षात ते जास्त लहान होतं, एवढंच.

"आई? कोण गेलं?"

"कुणी नाही. मी चूक केली."

तिने सगळं एका दमात सांगितलं. लेकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी काय शिकले असते?"

"कार्यालय व्यवस्थापन."

लेकीने झाकणातले दगड एकेक करून खिशात टाकले, डबा बंद केला आणि उठली. शाळेच्या शिक्क्यासाठी रांगेत उभी असताना ती बोलली नाही, पहिल्या बसमध्ये बोलली नाही, दुसऱ्या बसमध्ये दोघींना वेगवेगळ्या जागा मिळाल्या तेव्हा तर मुळीच नाही. आईने पदराला डोळे पुसले नाहीत, कारण त्या दिवशी तिने शर्ट घातला होता. तिने बाहीला पुसले.

प्रवेश केंद्रात क्रमांक मिळाला दोनशे बारा. फलकावर एकशे नव्वद होता. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. आईने सवयीने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ बरोबर होतं.

"वही दे," लेक म्हणाली.

"कोणती?"

"कॉलेजांची. मलाच लिहायचंय ना आता? मग मला बघू दे काय काय आहे ते."

आईने वही दिली, आणि दिल्यावर तिला तो अरुंद रकाना आठवला. वही पुन्हा ओढून घेता येईना. लेक वाचत होती. आधी ओठांच्या कोपऱ्यातून हसू आलं. "'पहारेकरी : जागा, पण डोळे मिटून.' आई!" मग पान उलटलं. मग हसू थांबलं.

"पुलाजवळचं," ती हळू आवाजात वाचू लागली. "एकटे जेवणारे : अकरा. कुणी येऊन बसलं : कुणी नाही. कालव्याकाठचं, एकटे जेवणारे : पाच. येऊन बसलं : तिघांपाशी." तिने वर बघितलं नाही. "हे काय आहे?"

"असंच. आपलं एक निरीक्षण."

"तुला माहीत होतं?"

आईने फलकाकडे बघितलं. एकशे अठ्ठ्याण्णव. "झाकण मीच धुते ना," ती म्हणाली.

लेकीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बराच वेळ ती वहीच्या कडेचा कागद दुमडत राहिली. आई एक शब्द बोलली नाही. तिच्यासाठी हे काम सगळ्या कॉलेजांच्या चकरांपेक्षा अवघड होतं.

"आणि हे?" लेकीने शेवटचं पान पुढे केलं. "गोदामांमागचं. सगळ्या रकान्यांत फुल्या. कठडा नाही, घड्याळ बंद. आणि इथे, एकटे जेवणारे : दोन. येऊन बसलं : दोघांपाशी. दोनच?"

"एक मुलगा होता. त्याच्याजवळ चौघं येऊन बसली, त्याला जागा उरली नाही."

"आणि दुसरं कोण?"

"मी."

लेकीने वर बघितलं.

"मला वाटलं मोजायला हवं," आई म्हणाली. "एकटीच होते ना. प्रयोगशाळेतले एक गृहस्थ थाळी घेऊन आले. ते दगड कापतात. काचेइतकी पातळ चकती निघते म्हणे. भिंगाखाली धरली की—"

"आत रंग दिसतात," लेक म्हणाली. "माहितीये मला." आणि मग, "तू हे मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणालीस, नावं बघायची नाहीत."

"मी म्हणाले म्हणून तू ऐकलंस? नेमकं तेव्हाच?"

फलकावर दोनशे बारा लागला.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा चढवला. "ही अर्जदार. छान. लिही गं. चार चाळीस झालेत."

लेकीने पहिल्या चौकोनात टेकडी लिहिली. दुसऱ्यात गोदामांमागचं. आणि पेनचं टोपण लावलं.

"दोनच?" आईच्या तोंडून निघून गेलंच. "एक तरी राखीव घाल. कालव्याकाठचं घाल, भूगोल आहे. कठडे मी हलवलेत, आता दुरुस्त केले असतील."

लेकीने सुस्कारा टाकला, टोपण काढलं आणि तिसऱ्यात कालव्याकाठचं लिहिलं.

"उरलेल्या सातांत रेघ मारा," बाई म्हणाल्या.

लेकीने पेन आईपुढे धरलं. "तू मार."

"हस्ताक्षर अर्जदाराचं लागतं," आई म्हणाली.

"रेघेला हस्ताक्षर नसतं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणाचं काम सोपं केलं होतं, आणि लगेच त्या शिक्का शोधण्यात गढून गेल्या.

आईने चौथ्या चौकोनावर पेन टेकवलं. सात रिकामे चौकोन. पट्टी नव्हती, त्यामुळे रेघ वाकडी गेली, आठव्यापाशी तर चौकोनाबाहेरच पडली. पण ती दहाव्यापर्यंत पोचली.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. टेकडी दोन गुणांनी हुकली. लेक दुपारभर दार लावून बसली. आईच्या मनात पहिला विचार आला की, चला, म्हणजे निदान माझ्या यादीमुळे नाही. आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिने बाहेरून दोन वेळा दार वाजवलं आणि दोन्ही वेळा काही न बोलता परत आली. बाबा म्हणाले, "होईल गं नीट." या वेळी ती चिडली नाही. तिने विचारलं, "नक्की ना?" बाबांना या प्रश्नाची सवय नव्हती. ते चष्मा पुसू लागले.

संध्याकाळी लेक बाहेर आली आणि म्हणाली, "त्या गोदामांच्या इथे बस कुठली जाते?"

कॉलेजच्या पहिल्या दिवशी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कॉलेजात जायला नव्हे. घरात बसून स्वतःला तिथे जाण्यापासून अडवायला. बसचे पैसेच हाताशी नकोत म्हणून बाबांनी तिची पर्स दुकानात नेऊन ठेवली होती. वरच्या काकांनी कॉलेजातल्या त्या बंद घड्याळासाठी आपल्या पेटीतून एक सेल काढून लेकीजवळ दिला होता आणि वेळ बरोबर लावून घे म्हणून बजावलं होतं.

साडेपाचला लेक आली, पिशवी टाकली, न्हाणीघरात गेली. आईने पिशवीतून डबा काढला. तिने आधी झाकणाकडे बघितलं, कारण दोन वर्षं ती आधी तिथेच बघत होती.

झाकण उघडंच होतं. खरं तर ते लागतच नव्हतं. डबा गोल होता आणि झाकण चौकोनी. हिरवं, कडेला कुणाच्या तरी दातांचे व्रण, आत चिकटलेले खाण्याचे दोन तुकडे. ते आईने कधी केलं नव्हतं असं काहीतरी होतं.

"अगं, हे झाकण कुणाचं?"

"बदललं वाटतं," आतून आवाज आला. "आम्ही सहाजण होतो. घाईत उठलो, ते दगड कापून दाखवणार होते ना. उद्या आणते."

आईने झाकण गोल डब्यावर ठेवून बघितलं. एका बाजूने लावलं, मग दुसऱ्या. अजिबात बसत नव्हतं. ती खिडकीशी जाऊन, पाठ वळवून, बराच वेळ ते लावून बघत राहिली.

सकाळी तिने डब्याला रबर लावलं आणि आत दोन चमचे ठेवले. लेकीने ते बघितलं. एरवी ती दुसरा चमचा काढून ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, आई, मी एकच आहे.

"राखीव?" तिने विचारलं.

"राखीव," आई म्हणाली.

लेकीने पिशवी बंद केली. पायऱ्या उतरताना चौथ्या पायरीशी ती थांबली आणि खालूनच ओरडून म्हणाली, "उद्यापासून तीन ठेव."